लेकरं वाढवलेली बाई हवी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या गावात दोन-तीन लहान मुलांच्या आईला विचारा, काय काम करता? ‘काही नाही जी, घरीच असते,’ असंच उत्तर बहुतेक वेळा मिळेल. असं सांगणारी बाई मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत टोपली घेऊन मोहफुलं वेचून आलेली असते. मे महिन्यात ती तेंदूची पानं तोडते, दुपारी सावलीत बसून 70-70 पानांचे पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर मोजून देते. पाऊस लागला की भाताच्या रोवणीसाठी बांधीतल्या चिखलात वाकलेली असते. बाळ तिथेच धुऱ्यावर, थोरल्या बहिणीच्या हवाली.

त्यामुळे मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागायचं, ही शहरातली भाषा इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. काम सुटलेलंच नसतं. दहावी-बारावी झालेली मुलगी लग्न होऊन येते, दोन बाळंतपणं होतात आणि तिशी गाठेपर्यंत तिच्या हातून निसटते ती हजेरीपटावरची जागा, स्वतःच्या नावाने खात्यात जमा होणारा पैसा. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात गेलेली दिसली, पुरुषांची 97. या पाच तासांची नोंद कुठल्याही अर्जाच्या ‘अनुभव’ या रकान्यात होत नाही.

ती एकदा झाली, आणि गडचिरोलीतच झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 पासून जिल्ह्यातल्या 39 गावांमध्ये नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग सुरू केला. डॉक्टर दूर, दवाखाना दूर, आणि बाळ दगावायचं ते बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात. मग हे काम कोण करणार? त्यासाठी गावातल्याच, बेताचं शिकलेल्या बायका निवडल्या. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हटलं गेलं. बाळाचं वजन घ्यायचं, मिनिटाला श्वास किती ते मोजायचं, अंग गार पडू द्यायचं नाही, दूध ओढता येतं का ते पाहायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं.

या यशामागे प्रशिक्षण आहे, औषधं आहेत, काटेकोर देखरेख आहे. पण मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बाळंतिणीच्या खोलीत परक्या माणसाला शिरकाव नसतो. तिथे जाऊन सासूला न दुखावता ‘बाळाला आज आंघोळ नको’ हे सांगायचं, तर गावातली, संसार केलेली, लेकरू छातीशी धरून रात्री काढलेली बाई लागते. घरी गेलेली वर्षं इथे भांडवल ठरली.

पुढे 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्या आल्या. निवडीचा निकष वाचण्यासारखा आहे: त्याच गावची रहिवासी, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, वय शक्यतो 25 ते 45. राज्य सरकारच्या बहुतेक भरतीत खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 व्या वर्षी दार बंद होतं. आशेच्या बाबतीत खालची अट पंचविशीची आहे. म्हणजे ज्या वयात इतर ठिकाणी बाई मागे पडते, त्या वयात इथे तिला बोलावणं येतं. 2011 मध्ये नवजात बाळांसाठीच्या गृहभेटी देशभर आशांच्या कामात आल्या.

बोलावलं, पण नाव ‘स्वयंसेविका’ ठेवलं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी 42 दिवसांत सहा भेटी द्यायच्या आणि त्या सगळ्यांचे मिळून 250 रुपये, असा दर ठरला. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता पाण्याखाली जातो, तिथेही दर हाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आशांचा गौरव केला. महाराष्ट्रातल्या आशांना मात्र 2023 मध्ये संपावर जावं लागलं, आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये मानधनात 5,000 रुपयांची वाढ मंजूर झाली. आईपणाचा अनुभव सरकारने मागून घेतला आणि मोबदला देताना त्याला सेवा म्हटलं. हा अन्याय आहे. आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा मिळायला हवा.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड: कामावर गेलेल्या आईचं लेकरू कोणी बघायचं? ताडोबात पर्यटकांसोबत जिप्सीत बसणाऱ्या गाईडमध्ये आता आसपासच्या गावांतल्या बायकाही आहेत. सकाळच्या फेरीसाठी उजाडताना फाटकावर हजर राहावं लागतं, अंगणवाडी तेव्हा उघडलेलीही नसते. शिवाय अंगणवाडीत बसवायचं ते तीन वर्षांच्या पुढचं मूल, तेही काही तास. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. बल्लारपूरचा कागद कारखाना किंवा कोळसा खाणींना ती लागू करता येईल, रानाला आणि बांधीला कशी करणार?

याचं उत्तर रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात घातलेलं होतं. कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुलं असतील, तर त्यांच्यातल्याच एकीने मुलं सांभाळायची आणि तिला इतरांइतकीच पूर्ण मजुरी द्यायची. मूल सांभाळणं म्हणजे मजुरीचं काम, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं कलम मला ठाऊक नाही.

गडचिरोलीतल्या ग्रामसभांना हे स्वतःच्या बळावर करता येईल. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार आला आणि पुढे कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. तो पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. येत्या हंगामाच्या ठरावात एक ओळ वाढवा: तेंदूचे आणि रोवणीचे दिवस असतील तोवर गावात पाळणाघर चालेल, आणि ते चालवणाऱ्या बाईला ग्रामसभा रोज मजुरी देईल.