सुगंधी मेणवडी : मेण निवडताना

पापड, मसाले, मुखवास आणि दिवाळीचा फराळ या परंपरागत गृहोद्योगांच्या पंक्तीत अलीकडे एका नव्या वस्तूने स्थान मिळवले आहे. फुलाच्या, पानाच्या किंवा साध्या चौकोनी आकाराच्या या मेणाच्या लहान सुगंधी वड्यांना बाजारात वॅक्स मेल्ट म्हणतात. मेणबत्तीप्रमाणे त्यांना वात नसते. विजेवर चालणाऱ्या कापूरदाणीसारख्या साधनावर किंवा लहान दिव्यावर ठेवलेल्या वाटीत वडी वितळते आणि तिच्यातील सुगंध खोलीभर पसरतो. भांडवल थोडे, जागा स्वयंपाकघराच्या ओट्याएवढी आणि सणासुदीला मागणी चांगली, यामुळे अनेक व्यापारी कुटुंबांतील भगिनी या उद्योगाकडे वळत आहेत.

सुरुवात करणाऱ्याचे लक्ष साहजिकच सुगंध, रंग आणि साचा यांकडे जाते. मेण मात्र दुकानदार देईल ते घेतले जाते. वस्तुतः वडीच्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मेणाचाच असतो. वडी उन्हाळ्यात टिकते की नाही, सुगंध देते की नाही आणि आपण ती कोणत्या शब्दांत विकू शकतो, या तिन्ही गोष्टी मेणावरच ठरतात.

मेण जळत नाही, वितळते

मेणबत्ती आणि मेणवडी यांतील मूलभूत फरक आधी ध्यानात घ्यावा. मेणबत्तीत मेण हे इंधन असते. वात ते वर ओढते आणि ते जळते, म्हणून तेथे काजळी आणि धूर यांचा विचार करावा लागतो. मेणवडीत मेण केवळ सुगंधाचे वाहन असते. ते जळत नाही. सुगंधी तेल हळूहळू उडून जाते आणि मेण वाटीत बहुतांशी तसेच शिल्लक राहते. त्यामुळे कोणत्या मेणाचा धूर अधिक, हा मेणबत्तीच्या बाबतीत नेहमी होणारा वाद येथे जवळजवळ गैरलागू ठरतो. वाटीखाली टी-लाइट ठेवला, तर काजळी होईल ती त्या टी-लाइटची.

येथे पाहायचे असते ते तापमान, आणि तेही दोन बाजूंनी. एक बाजू आपल्या उन्हाळ्याची. जळगाव, अकोला, नागपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बंद टेम्पोत किंवा पत्र्याच्या गोदामात त्याहून अधिक उष्णता असते. याखाली वितळणारी वडी ग्राहकाच्या हाती पोहोचेपर्यंत लगदा झालेली असेल. दुसरी बाजू वितळवणाऱ्या साधनाची. विजेच्या लहान तबकडीवरील वाटीत मेण फार तापत नाही. मेण अतिशय कठीण असेल, तर ते नीट वितळणारच नाही आणि सुगंध आतच अडकून पडेल. म्हणून ५० ते ५८ अंशांच्या दरम्यान वितळणारे मिश्रण आपल्याकडे सोयीचे पडते.

बाजारातील मेणे

पॅराफिन हे सर्वांत जुने आणि सहज मिळणारे मेण आहे. ते खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून निघते. आपल्या देशात आसाममधील दिग्बोई आणि नुमालीगढ येथील शुद्धीकरण कारखान्यांतून ते तयार होते. त्याच्या अनेक प्रती असतात आणि त्या सुमारे ४६ ते ६८ अंशांदरम्यान वितळतात. म्हणून खरेदी करताना केवळ ‘पॅराफिन’ न म्हणता वितळणबिंदू सांगून मागणी करावी. ते साच्यातून स्वच्छ सुटते, रंग चांगला धरते आणि सुगंध जोमाने सोडते. त्यात प्राणिज काही नसते. मात्र ते खनिज आहे, पुन्हा निर्माण होणारे नाही, आणि त्याला ‘नैसर्गिक वनस्पतिजन्य’ म्हणून विकणे असत्य ठरते.

सोया मेण म्हणजे घट्ट केलेले सोयाबीन तेल. वनस्पती तूप ज्या प्रक्रियेने घट्ट होते, त्याच हायड्रोजनच्या प्रक्रियेने तेलाचे मेण होते. अमेरिकेत १९९० च्या दशकात ते मेणबत्तीसाठी वापरात आले. त्याचे मुख्यतः दोन प्रकार आढळतात. काचेच्या भांड्यात ओतण्याचे मेण मऊ असते आणि ४६ ते ४९ अंशांच्या आसपास वितळते. साच्यातून काढण्याजोगे मेण त्याहून कठीण असते. मेणवडीसाठी दुसरा प्रकार घ्यावा. पहिला प्रकार घेऊन उन्हाळ्यात पस्तावणारे नवखे उद्योजक थोडे नाहीत. सोया मेणावर कधी पांढुरकी छटा उमटते. ती बुरशी नव्हे, त्या मेणाचा तो स्वभाव आहे. रंग फिका ठेवल्यास ती कमी दिसते.

नारळाचे मेण सुगंध उत्तम धरते, पण एकट्याने वापरल्यास आपल्या हवेत फार मऊ पडते. पाम मेण कठीण असते आणि त्यावर स्फटिकांची सुंदर नक्षी उमटते. तथापि इंडोनेशिया व मलेशिया येथे पामच्या लागवडीसाठी मोठ्या प्रमाणावर जंगले तोडली गेली, ही बाब जीवदयेच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

काही मेणे मुख्य म्हणून नव्हे, तर मिश्रण कठीण करण्यासाठी अल्प प्रमाणात वापरतात. भाताच्या कोंड्याचे तेल शुद्ध करताना मिळणारे राइस ब्रॅन मेण सुमारे ८० अंशांना वितळते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण त्याहूनही कठीण असते. सोया मेणात यांपैकी एखादे शेकडा ३ ते ५ घालून पाहावे. प्रमाण वाढवले, तर वडी ठिसूळ होते आणि सुगंध मंदावतो.

मूळ विचारल्याशिवाय खरेदी नको

मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग हा श्रावकाचाराचा पाया. मधमाशीचे मेण ज्या पोळ्यातून येते, त्याच पोळ्यातून मधही येतो. माशी ते आपल्या शरीरातून स्रवून पिल्लांसाठी घर बांधते. बाजारात या मेणाला मोठा मान आहे, ते ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि त्याला स्वतःचा गंधही असतो. परंतु ज्या घरात मध ताटात येत नाही, त्या घरातून त्याच पोळ्याचे मेण वडीच्या रूपाने विकावे काय, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आधीच करावा. शास्त्रांत श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार, स्पष्टपणे गणला आहे. लाख किड्यांपासून मिळते. व्यापार करताना मालाच्या उगमाचा विचार करावा, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही.

मधमाशीचे मेण निदान नावाने ओळखू येते. खरी गफलत होते ती स्टिअरिक ॲसिडच्या बाबतीत. मेण कठीण करण्यासाठी हा पांढरा, खवल्यांसारखा पदार्थ शेकडा ५ ते १० या प्रमाणात सर्रास घातला जातो. तो पामच्या तेलापासूनही होतो आणि जनावरांच्या चरबीपासूनही. दिसण्यात, वासात वा स्पर्शात फरक कळत नाही. तयार मिश्र मेणाच्या गोणीत तो आधीच घातलेला असू शकतो. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर असते तसे हिरवे चिन्ह मेणाच्या गोणीवर असण्याचे बंधन नाही. म्हणून पुरवठादाराकडून घटक आणि स्टिअरिक ॲसिडचा उगम लेखी मागावा. मोठे उत्पादक असा दाखला देतात. ‘सगळे व्हेजच आहे’ हे तोंडी उत्तर पुरेसे मानू नये.

हाच प्रश्न सुगंधालाही लागू पडतो. काही पारंपरिक अत्तरांत समुद्री शिंपल्यांपासून काढलेला चोया नख हा घटक असतो. फुलांचे, चंदनाचे किंवा वाळ्याचे सुगंध घेतानाही मूळ विचारावे.

जमाखर्चाची बाजू

चांगले मेण महाग पडते, म्हणून नफा राहत नाही, अशी समजूत असते. ती आकड्यांनी तपासून पाहावी. पुढील दर केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत. एक किलो मेणात शेकडा ८ या प्रमाणात ८० ग्रॅम सुगंधी तेल घातले, तर १०८० ग्रॅम मिश्रण होते. भांड्याला लागणारी घट वजा जाता २५ ग्रॅमच्या सुमारे ४२ वड्या पडतात. मेण २०० रुपये किलो आणि सुगंधी तेल १५०० रुपये किलो मानल्यास मेणाचे २०० आणि तेलाचे १२०, असे एकूण ३२० रुपये होतात. आता ३५० रुपये किलोचे, उगम माहीत असलेले मेण घेतले, तर खर्च ४७० रुपये होतो. हा १५० रुपयांचा फरक ४२ वड्यांवर वाटला, तर दर वडीस साधारण साडेतीन रुपये पडतात. डबी, चिठ्ठी, वाहतूक आणि दुकानदाराची सूट यांच्या तुलनेत ही रक्कम मोठी नाही. आपापल्या गावातील दर घालून हा हिशेब प्रत्येकाने स्वतंत्रपणे मांडावा.

नवीन माणसाने आरंभी २५ किलोची गोणी घेऊ नये. दोन-तीन प्रकारचे मेण एकेक किलो आणावे आणि सुगंध एकच ठेवून प्रत्येकाच्या वड्या कराव्यात. सुगंध बदलला, तर फरक मेणामुळे पडला की तेलामुळे, ते कळत नाही. मेण व तेल दोन्ही वजनकाट्यावर मोजावे, पेल्याने नव्हे. मोठ्या पातेल्यातील गरम पाण्यात लहान भांडे ठेवून मेण वितळवावे, थेट आचेवर कधीही नाही. कठीण मेण आधी वितळवून घ्यावे. मिश्रण ८० ते ८५ अंशांपर्यंत आणून, आचेवरून उतरवून तेल घालावे, दोन मिनिटे सावकाश ढवळावे आणि निवू लागले की साच्यात ओतावे. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी न ओतता आच बंद करून घट्ट झाकण ठेवावे.

वड्यांवर तारीख आणि मिश्रणाचे प्रमाण लिहून ठेवावे. पॅराफिनच्या वड्या तीन ते पाच दिवसांनी आणि सोयाच्या दहा ते चौदा दिवसांनी तपासाव्यात, कारण सोयात सुगंध मुरायला वेळ लागतो. वडीवर तेलाचे थेंब आले, तर तेल जास्त झाले असे समजावे. एक वडी बंद डब्यात घालून दुपारभर उन्हात ठेवावी. दुसरी कापूरदाणीवर ठेवून ती किती वेळात पूर्ण वितळते आणि सुगंध किती तास टिकतो, याची नोंद करावी. या दोन्ही कसोट्यांत उतरलेल्या मेणाचीच मोठी खरेदी करावी.

चिठ्ठीवर काय लिहावे

पाकीटबंद मालासंबंधीच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. त्याखाली मेणाचे नाव एका ओळीत लिहावे : ‘सोया व राइस ब्रॅन मेण’ किंवा ‘पॅराफिन मेण, प्राणिज घटक नाहीत’. मिश्रणात पॅराफिन असेल, तर तेही लिहावे. पॅराफिन वापरणे हा दोष नाही, ते लपवणे हा दोष आहे. मेण पुरवणारा बदलला की दाखला पुन्हा मागावा आणि तो येईपर्यंत जुनी चिठ्ठी नव्या मालावर लावू नये.

वापरणाऱ्यासाठीही दोन सूचना चिठ्ठीवर असाव्यात. उघड्या वितळलेल्या मेणात रात्री किडे पडतात, म्हणून उघड्या ज्योतीऐवजी विजेचे साधन वापरावे, वाटीवर बारीक जाळी ठेवावी आणि शक्यतो दिवसाच वापर करावा. सुगंध संपलेले मेण मोरीत ओतू नये, कारण ते थिजून नळी तुंबते. गोठू देऊन ते काढावे आणि कचऱ्यात टाकावे.