शब्द अडतो तेव्हा

आषाढी वारीच्या दिवसांत देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून पंढरपूरकडे जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर ही मुक्कामाची गावे तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असतील. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण आणि बेलवाडीचे अश्वांचे रिंगणही काहींनी पाहिले असेल. दिंडीतले टाळकरी एका सुरात, एका ठेक्यात अभंग म्हणत चाललेले असतात. आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या टाळकऱ्यांत एखादा असाही असू शकतो की, ज्याला एरवी स्वतःचे नाव सांगतानासुद्धा अडखळायला होते. पण सर्वांबरोबर अभंग म्हणताना त्याचा एकही शब्द अडत नाही! जीभ तीच, ओठ तेच, घसाही तोच. मग बोलतानाच कुठे माशी शिंकते?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना जे आढळले, ते केवळ जिभेविषयी नाही. ते मनाविषयी आहे. आणि थोडेसे तुमच्याआमच्याविषयीही आहे.

अडखळण्याचे तीन प्रकार

तोतरेपणात मुख्यतः तीन गोष्टी घडतात. कधी एखादे अक्षर पुन्हापुन्हा येते : 'बा-बा-बारामती'. कधी आवाज लांबतो : 'सऽऽऽणसर'. आणि कधी आवाजच फुटत नाही. 'भिगवण' म्हणायचे असते, ओठ मिटतात ते उघडतच नाहीत, मानेच्या शिरा ताठ होतात आणि काही क्षण नुसती शांतता असते.

बोबडेपणाशी याची गल्लत करू नका. बोबडे बोलणारे मूल 'र'च्या जागी 'ल' म्हणते. तोतरे बोलणाऱ्याला प्रत्येक आवाज उत्तम काढता येतो; फक्त हवा त्या क्षणी तो निघत नाही.

तोतरेपणा बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. शंभरातील सुमारे ५ मुले कधी ना कधी या अवस्थेतून जातात. त्यांतील बहुतेकांचे अडखळणे काही वर्षांत आपोआप थांबते. मोठेपणी शंभरात साधारण १ व्यक्ती तोतरी उरते, आणि अशा व्यक्तींत स्त्रियांपेक्षा पुरुषांची संख्या सुमारे चौपट असते. म्हणजे हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी दहाएक मुले असणार, असा हिशेब निघतो. तुम्हांला तितकी दिसली नसतील, तर त्याचेही कारण आहे. ते पुढे येईलच.

दोष जिभेचा नाही

पूर्वी सारा दोष जिभेच्या माथी मारला जाई. प्राचीन ग्रीसमधील वक्ता डेमोस्थेनिस तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करी, अशी कथा आहे. १८४१ साली बर्लिनचे शस्त्रवैद्य डीफेनबाख यांनी तर तोतऱ्या रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया करून तिचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला! अर्थात यातून काही साधले नाही.

बोलणे हे शरीराच्या अतिशय नाजूक कामांपैकी एक आहे. छाती, स्वरयंत्र, जीभ, जबडा आणि ओठ यांच्या अनेक स्नायूंनी सेकंदाच्या लहानशा भागात एकमेकांशी मेळ साधायचा असतो. हा मेळ मेंदू घालतो. तोतऱ्या व्यक्तींच्या मेंदूची चित्रे घेतली असता, बोलण्याच्या हालचाली जुळवणाऱ्या भागांच्या जोडणीत सूक्ष्म फरक आढळतात. २०१० साली अमेरिकेतील डेनिस ड्रेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना काही तोतऱ्या व्यक्तींमध्ये तीन जनुकांतले बदल सापडले. तोतरेपणा पुष्कळदा एकाच घराण्यात का दिसतो, हे त्यावरून कळते. तोतऱ्याची नक्कल केली की तोतरेपणा लागतो, आईबापांच्या धाकाने तो येतो, किंवा मूल बुद्धीने मंद असते, या सर्व समजुती चुकीच्या आहेत.

मग अभंगाचे काय? एकत्र म्हणताना मेंदूला बोलण्याची वेळ स्वतः ठरवावी लागत नाही. टाळ आणि शेजाऱ्याचा आवाज ती वेळ बाहेरून पुरवतात. मोरोपंतांचे बारामतीशी असलेले नाते तुम्हांला ठाऊक आहेच. त्यांची एखादी आर्या वर्गाने मिळून तालात म्हटली, तर तोतरे बोलणारा विद्यार्थीही ती बहुधा न अडता म्हणेल.

ऐकणारा कोणी नसेल तर?

आता आणखी एक गंमत पाहा. २०२१ साली न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २४ तोतऱ्या प्रौढांवर एक प्रयोग केला. त्यांना संगणकावर अवघड कामे देऊन स्वतःशी मोठ्याने बोलत ती करायला सांगितले. आपले बोलणे कोणी ऐकत नाही, अशी त्यांची खात्री पटवली होती. तेव्हा ते जवळजवळ मुळीच अडखळले नाहीत. तेच शब्द दुसऱ्या माणसासमोर उच्चारताना मात्र ते अडखळले.

म्हणजे मूळ कारण मेंदूच्या रचनेत असले, तरी अडखळण्याचे प्रमाण ऐकणाऱ्यावर आणि बोलणाऱ्याच्या मनःस्थितीवर फार अवलंबून असते. भीती वाटली की शरीरात ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक स्रवते. छाती धडधडते, स्नायू आवळले जातात, स्वरयंत्राचेही. आवळलेल्या स्वरयंत्रातून आवाज निघणे अधिकच कठीण. शब्द अडतो, म्हणून लाज वाटते. लाज वाटते, म्हणून पुढच्या शब्दाची भीती वाटते. आणि भीतीने तो पुढचा शब्दही अडतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या घरातील मुलांना हे चटकन समजेल. पाटात गवत अडकले असता वरून जोराने पाणी सोडले, तर पाट फुटतो. आधी गवत सैल करावे लागते. अडलेल्या शब्दाचेही असेच आहे. जोर केल्याने तो सुटत नाही.

दिसत नाही तो तोतरेपणा

समजा, इंदापूर तालुक्यातील एक मुलगा एस. टी.ने बारामतीच्या शाळेला येतो. पास संपला आहे, म्हणून तिकीट काढायचे आहे. 'ब' आला की आपले ओठ अडतात, हे त्याला अनुभवाने माहीत आहे. कंडक्टर घाईत आहे, मागचे प्रवासी पाहत आहेत. तो 'बारामती' म्हणतच नाही. 'शेवटचा थांबा' म्हणतो. वर्गात उत्तर येत असूनही 'माहीत नाही' म्हणतो. धडा वाचायची पाळी येणार असे दिसले की पाणी प्यायला जातो. हजेरीच्या वेळी आपला क्रमांक जवळ येऊ लागला की त्याच्या पोटात गोळा येतो. आणि स्वतःचे नाव? त्याला तर पर्यायी शब्दच नाही! म्हणूनच पुष्कळांना आपले नाव सांगणे सर्वांत अवघड जाते.

असा मुलगा तुम्हांला कधी अडखळताना दिसणार नाही. तुम्ही त्याला अबोल किंवा शिष्ट समजाल. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यासाठी हिमनगाची उपमा दिली आहे. शीहान स्वतः तोतरे बोलत. ऐकू येणारे अडखळणे हे पाण्यावर दिसणारे टोक. भीती, लाज, अपराधीपणा आणि टाळाटाळ यांचा प्रचंड भाग पाण्याखाली.

१९३९ चा एक दुःखद प्रयोग

बोलण्यावरून सतत टोकले, तर मुलाचे काय होते? याचा पुरावा एका प्रयोगातून मिळाला. परंतु तो प्रयोग कधीच व्हायला नको होता. १९३९ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमातील २२ मुलांवर तो केला. त्यांत व्यवस्थित बोलणाऱ्या ६ मुलांचा एक गट होता. त्यांना मुद्दाम सांगण्यात आले की, तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे दिसत आहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका.

ती मुले तोतरी झाली असे ठामपणे दिसले नाही. पण ती बोलायला भिऊ लागली, कमी बोलू लागली, वर्गात गप्प बसू लागली. काहींना हा सल जन्मभर पुरला. २००१ साली वर्तमानपत्रातून ही हकीकत बाहेर आली, तेव्हा विद्यापीठाने जाहीर माफी मागितली. २००७ साली आयोवा राज्याने त्या मुलांपैकी हयात असलेल्यांना व मृतांच्या वारसांना मिळून ९,२५,००० डॉलर भरपाई दिली. अनाथ मुलांच्या विश्वासाचा असा वापर करण्याचा अधिकार कोणत्याही विज्ञानाला नाही, हा यातला पहिला धडा. दुसरा धडा आपल्या वर्गाला लागू पडतो. टोकल्याने वाणी सुधारत नाही. बोलण्याची इच्छा मात्र मरते.

वाचा-उपचारतज्ज्ञ काय करतात?

चांगला वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणूनच केवळ जिभेचे व्यायाम देत नाही. तो आधी ऐकतो. कोणते शब्द टाळतोस, कोणासमोर जास्त अडते, तेव्हा मनात काय येते, हे विचारतो. मग दोघे मिळून भीतीच्या पायऱ्यांची यादी करतात. सर्वांत खाली 'धाकट्या बहिणीशी बोलणे', मध्ये 'दुकानात वस्तू मागणे', सर्वांत वर 'प्रार्थनेच्या वेळी बातम्या वाचणे'. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची.

जोडीला तंत्रेही शिकवली जातात. आधी थोडा श्वास सोडून मग आवाज हळुवार सुरू करणे, अडलेल्या शब्दाला जोर न लावता तो सैल करणे, ही त्यांतली काही. चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकन तज्ज्ञाने, तेही तोतरे बोलत, एक विलक्षण उपाय वापरला : मुद्दाम अडखळायचे! ज्या गोष्टीला आपण भितो, ती स्वतः होऊन केली की तिची धार बोथट होते. काही विद्यार्थी तर वर्गाला सरळ सांगतात, 'मी अडखळत बोलतो, थोडा वेळ द्या.' लपवण्याचे ओझे उतरले की बोलणे पुष्कळ हलके होते. न अडखळणे हेच उपचाराचे एकमेव ध्येय नसते. मनातले सर्व निर्भयपणे बोलता येणे, हे खरे ध्येय.

आपण काय करावे?

शिक्षक आणि वर्गमित्र दोघांनीही लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी :

समोरच्याचा शब्द आपण पुरा करू नये. 'सावकाश बोल', 'दीर्घ श्वास घे', 'घाबरू नकोस' असे सांगू नये. त्याने त्याचे लक्ष पुन्हा अडखळण्याकडेच जाते. तो बोलत असता नजर वळवू नये. तो कसे बोलतो यापेक्षा काय बोलतो, याकडे लक्ष द्यावे. नक्कल करू नये आणि 'तोतऱ्या' हे टोपणनाव पडूच देऊ नये. शिक्षकांनी त्याला तोंडी कामातून परस्पर वगळू नये, की अचानक उभेही करू नये. बाजूला घेऊन 'तुला कसे सोयीचे होईल?' असे त्यालाच विचारावे. कधी जोडीने वाचन, कधी हजेरीला नुसता हात वर करणे पुरते.

मदत कुठे मिळते, हेही माहीत असावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात. बोलण्याची अडचण त्यांना अवश्य सांगावी. बोलायला उशीर लागणाऱ्या मुलाचे कान आधी तपासून घ्यावेत. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण उपचार करते आणि त्याचे शिक्षणही देते. बारावीनंतर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना हा पदवी अभ्यासक्रम घेता येतो. २००८ साली सुरू झालेल्या भारतीय तोतरेपणा संघटनेच्या गटांत तोतरे बोलणारेच एकमेकांना बळ देतात. शाळेला जाण्याचीच भीती वाटू लागली, मन सतत उदास राहू लागले, तर घरच्यांना किंवा शिक्षकांना जरूर सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलता येते. आणि तिथे अडखळलात तरी चालते.

शेवटी, वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गावर्गांतून मोजमाप केले. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात, असे त्यांना आढळले. हा वेळ ३ सेकंदांपर्यंत वाढवताच मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्ण झाली, गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तुमच्या शिक्षकांच्या संमतीने सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन एका तासातील वीस प्रश्नांच्या वेळा मोजा आणि सरासरी काढा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रश्नानंतर सर्वांनी ३ सेकंद थांबायचे ठरवा. किती नवे हात वर आले, ते वहीत नोंदवा. त्या दोन जादा सेकंदांत कदाचित असा एखादा आवाज ऐकू येईल, जो वर्षभर तुमच्याच वर्गात होता, पण तुम्ही कधी ऐकलाच नव्हता.