विश्लेषण : बोटीची गळकी इंधन टाकी वेल्डिंगला देताय? ‘रिकामी’ टाकीच जास्त धोकादायक का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. याच दोन महिन्यांत नौकांची डागडुजी होते. मासेमारी नौकांवर लोखंडी टाक्या किंवा प्लास्टिकचे कॅन दिसतात, तर स्पीडबोट, यॉट अशा हलक्या बोटींमध्ये ॲल्युमिनियमच्या टाक्या बसवलेल्या असतात. टाकी गळू लागली की ती काढून शीव, धारावी, कुर्ला पट्ट्यातील पत्राकामाच्या एखाद्या दुकानात नेणे हा सोपा मार्ग वाटतो. मात्र दाट वस्तीतल्या छोट्या गाळ्यात अशा टाकीवर ठिणगी पडली, तर काय होईल?

ॲल्युमिनियम गंजत नाही, मग गळते का?

ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड हा थर जागोजागी फोडते आणि तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. टाकीखाली ओला फोम, रबर किंवा लाकूड दबलेले असेल तर पाणी सुकत नाही आणि झीज वाढते. पितळ किंवा तांब्याचा भाग ॲल्युमिनियमला थेट चिकटून असेल, तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच आधी खाल्ले जाते. आतून धोका पाण्याचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषून घेते. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते.

गळती टाकीचीच आहे का?

बऱ्याचदा दोष टाकीत नसतोच. होजची क्लिप, भरणा नळी, इंधन मोजणाऱ्या सेंडरचे गास्केट हे भाग आधी तपासावेत. इंधन फक्त टाकी काठोकाठ भरल्यावर गळत असेल, तर संशय वरच्या जोडांवर घ्यावा. तळाशी सतत ओल असेल, तर टाकीवर.

रिकामी टाकी अधिक धोकादायक का?

द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल, तर एका ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी असते. ओतून रिकामी केलेल्या टाकीत मात्र हवा आणि वाफ यांचे नेमके हेच मिश्रण तयार होऊ शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने बोटीच्या तळाशी किंवा दुकानाच्या जमिनीलगत पसरते.

डिझेलची टाकी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सांध्यांत अडकलेले डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेने वाफ बनते. बंद जागेत साचलेल्या वायूचा धोका मोठ्या गोदीतही टळत नाही. १३ फेब्रुवारी २०१८ रोजी कोचीन शिपयार्डमध्ये दुरुस्तीसाठी आलेल्या ओएनजीसीच्या ‘सागर भूषण’ जहाजावर स्फोट होऊन पाच कामगारांचा मृत्यू झाला होता.

वेल्डिंगपूर्वी काय व्हायला हवे?

- बॅटरीचे कनेक्शन काढावे. इंधन हातपंपाने बंद धातूच्या कॅनमध्ये काढावे. घरगुती व्हॅक्यूम किंवा साधी विजेची मोटर वापरू नये.
- टाकी बोटीतून बाहेर, मोकळ्या हवेत आणावी. बोटीत असताना वेल्डिंग करूच नये.
- डिटर्जंट घातलेल्या गरम पाण्याने किंवा वाफेने ती वारंवार धुवावी. लोखंडी पिंपांसाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा इथे वापरू नये. ॲल्युमिनियमशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन हा ज्वलनशील वायू तयार होतो.
- गॅस मीटरने आतली वाफ मोजावी. ‘वास येत नाही’ हा पुरावा नव्हे.
- त्यानंतरही टाकीत आरगॉन किंवा नायट्रोजन भरून हवा बाहेर काढावी आणि झडपा उघड्या ठेवाव्यात. हे काम हवेशीर जागेतच करावे, कारण बंद गाळ्यात हे वायू प्राणवायू कमी करतात.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३७ नेही ज्वलनशील पदार्थ असलेली टाकी पूर्ण निर्धोक केल्याशिवाय तिचे वेल्डिंग किंवा कटिंग करण्यास मनाई केली होती. दुकानदाराकडे गॅस मीटर नसेल, तर टाकी परत आणलेली बरी.

दुरुस्ती की नवी टाकी?

सांध्यात एखादी चीर असेल आणि बाकीचा पत्रा जाड असेल, तर कुशल कारागिराकडून टिग वेल्डिंग करून घेता येते. तळाला खड्डे पडून छिद्र झाले असेल, तर शेजारचा पत्राही पातळ झालेला असतो. एक छिद्र बुजवले की महिन्याभरात दुसरे उघडते. अशा वेळी नवी टाकी हाच शहाणपणाचा निर्णय. इपॉक्सी पुटीचा उपयोग फार तर किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यापुरता.

नवी टाकी घेताना काय पाहावे?

५०५२ किंवा ५०८३ प्रतीचे सागरी ॲल्युमिनियम आणि किमान २.३ मिलिमीटर जाडी असावी. टाकीखाली पाणी न शोषणाऱ्या पट्ट्या असाव्यात आणि चारही बाजूंनी हवा खेळावी. बसवण्याआधी सुमारे ३ पीएसआय दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने सांधे तपासावेत. गॅरेजमधील टायरच्या कॉम्प्रेसरने थेट हवा भरू नये, टाकी फुटू शकते. झीज नको असेल, तर जाड पॉलिथिलीनची सागरी टाकी हाही पर्याय आहे.

पेट्रोल बोटीत नवी टाकी बसवल्यानंतरही इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटे चालवावा आणि तळाजवळ वास घेऊन पाहावा. वास आलाच, तर चावी फिरवू नये, सर्वांना बोटीतून उतरवावे. आग लागल्यास पेट्रोलवर पाणी न टाकता फोम किंवा ड्राय पावडर वापरावी आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.