घरचे ससे व त्यांची वीण

आमच्या शहापूर-मुरबाडकडे ‘ससा’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या प्राण्यांस लावितात. माहुलीच्या पायथ्याशीं गवतांत दिसतो तो रानससा; संस्कृतांतील ‘शश’ तोच. त्याचें पिल्लू अंगावर केस घेऊन, उघड्या डोळ्यांनीं जन्मतें. गवत कापतांना असें पिल्लू सांपडल्यास जेथल्या तेथें ठेवावें. तें घरीं सहसा जगत नाहीं; शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो प्राणी संरक्षित आहे. पाळावयाचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील, बिळांत राहणारा. त्याचीं पिल्लें उघडीं व आंधळीं जन्मतात.

मादी सुमारें सहा महिन्यांची झाल्यावर तिला नराच्या पिंजऱ्यांत न्यावें. नरास तिच्याकडे नेलें तर ती आपली जागा राखण्याकरितां त्याला चावते. गाईम्हशींसारखा ठराविक माज तिला नसतो. संयोगानंतरच बीज सुटतें. ३० ते ३२ दिवसांनीं ती विते. दोनतीन दिवस आधीं वाळलें गवत घातलेली लांकडी पेटी आंत ठेवावी. मादी आपल्या पोटाचे केस उपटून तींत अंथरते. तें दुखणें नव्हे.

पुढें जें सांगावयाचें तें आम्ही किंमत देऊन शिकलों. आमच्या घरीं पहिली मादी व्याली, सहा पिल्लें झालीं. आई मात्र दिवसभर दूरच्या कोपऱ्यांत पाठ फिरवून बसलेली! ‘वात्सल्य’ हा शब्दच वत्सापासून आलेला. वासरूं चाटणारी गाय ज्यांच्या डोळ्यांपुढें, त्यांना ही माता निर्दय वाटली. सूनबाईंनीं व नातवंडांनीं कापसाच्या वातीनें गाईचें दूध पाजण्यास आरंभ केला. मीही संमति दिली. चौथ्या दिवसापर्यंत पांच गेलीं. सहावें केसांच्या तळाशीं राहिलें, म्हणून आमच्या हातांतून वांचलें.

वस्तुतः ससीण दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, तीनचार मिनिटेंच पाजते. तेंही बहुधा रात्रीं अथवा पहांटे. बिळापाशीं वावरून शत्रूस वाट दाखवूं नये ही तिची रीत. सकाळीं पिल्लांचीं पोटें गोल व ताठ दिसलीं कीं निश्चिंत असावें. दहाबारा दिवसांनीं डोळे उघडतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास दूध तोडावें.

वीण मार्गशीर्ष ते माघ या काळांत घ्यावी. चैत्र-वैशाखांतील आमच्याकडील उष्म्यानें नर कांहीं काळ निर्बीज होतो, गाभण मादी तर दगावतेही. ओलीं गोणपाटें टांगूनही पूर्ण निभाव लागत नाहीं. पावसाळ्यांत भिजलेलें गवत घालूं नये.

व्यालेली मादी त्याच दिवशीं पुन्हां गाभण राहूं शकते, तेव्हां नर वेगळा हवा; पिल्लांतील नर-माद्याही तीन महिन्यांच्या आंत निराळ्या कराव्या. पण जोडी लावण्यापूर्वींच हीं सहाआठ पिल्लें कोणाकडे जाणार हें ठरवावें. मागावयास येणारे पुष्कळदां रश्शासाठींच येतात, आणि नातवंडांनीं नांवें ठेवलेलीं पिल्लें त्यांच्या हातीं देणें आमच्यासारख्या घरांस जड जातें. आमच्याकडे सध्यां दोन माद्या आहेत. नर ठेवलेला नाहीं.