कर्ज, करार आणि कायदा : जोडीदाराच्या गाडीला जामीन

गेल्या लेखांकात वाहनावरील नजरगहाणाचे स्वरूप पाहिले; आता त्याच कर्जरोख्यावरील दुसऱ्या सहीकडे वळू. येडगावच्या परिसरात, जेथे कुकडीच्या पाण्यावर ऊस आणि टोमॅटो उभा राहतो आणि नारायणगावच्या बाजारात माल नेण्यासाठी पिकअप किंवा कुटुंबासाठी मोटार घेण्याचा बेत घरोघरी शिजत असतो, तेथे नवऱ्याच्या कर्जास बायकोने किंवा बायकोच्या कर्जास नवऱ्याने जामीन राहणे हा संसाराचाच भाग समजला जातो, आणि ‘नुसती सही तर करायची आहे’ एवढ्या आश्वासनावर कित्येक वर्षांचे दायित्व शिरावर घेतले जाते.

1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 128 असे सांगते की, करारात अन्यथा ठरलेले नसेल तर जामीनदाराचे दायित्व ऋणकोच्या दायित्वाइतकेच असते. आधी गाडी ओढून नेतील, मग ऋणकोवर फिर्याद होईल आणि त्यातूनही काही बाकी राहिलेच तर आपल्याकडे येतील, ही सार्वत्रिक समजूत सर्वस्वी निराधार आहे. ‘आधी ऋणकोकडून वसुली करा’ अशी अट खालच्या न्यायालयांनी बँक ऑफ बिहारवर घातली असता, 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण अशा विलंबाने हमीचा हेतूच विफल होतो. ‘सहकर्जदार’ म्हणून सही केली असेल तर प्रश्नच उरत नाही. ती व्यक्ती स्वतःच ऋणको ठरते.

धनादेशाचे संकट याहून तीव्र. केरळातील एका प्रकरणात पतीने मोटार घेतली, पत्नी जामीन राहिली, आणि थकबाकीपोटी तिने दिलेला धनादेश न वटता परत आला. कर्ज पतीचे असल्यामुळे पत्नीवर खटला चालणार नाही, असे उच्च न्यायालयाने मानले होते. परंतु 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की न वटलेल्या धनादेशांबाबतच्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 मधील ‘ऋण किंवा अन्य दायित्व’ या शब्दांत जामीनदाराचे दायित्वही येते. या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. यास्तव कोऱ्या धनादेशावर सही करून तो कर्जप्रकरणाच्या कागदांत ठेवून येणे मला अत्यंत घातक वाटते.

आपल्याकडे पुष्कळ कर्जे पतसंस्थांची असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली निबंधकाचा वसुली दाखला निघाला की दिवाणी दाव्याची दीर्घ वाट न चालता जामीनदाराच्या जमिनीपर्यंत जप्ती पोहोचू शकते, आणि त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करावयाचा तर वसूलपात्र रकमेचा निम्मा हिस्सा आधी भरावा लागतो. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून ज्या सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव लागावे म्हणून एवढा आग्रह धरला, तोच सातबारा तिने न वाचलेल्या जामीनकतब्यामुळे संकटात यावा, याचे मला मनापासून दुःख होते.

आणि ज्या गाडीसाठी हे सारे, तिची नोंदणी बहुधा एकट्या जोडीदाराच्या नावे असते; हप्ते फेडणाऱ्या जामीनदाराला तेवढ्याने तिची मालकी मिळत नाही. घटस्फोट झाला, आणि उभयतांनी ‘उरलेले हप्ते तो भरील’ असे न्यायालयात लिहून दिले, तरी धनको त्या तडजोडीत पक्ष नसल्याने तो बांधला जात नाही. दरम्यान थकलेल्या प्रत्येक हप्त्याची नोंद जामीनदाराच्याही पतअहवालात उमटून त्याचे स्वतःचे पुढील कर्ज अडू शकते.

कायद्याने जामीनदारास अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. त्याच्या संमतीवाचून धनकोने कराराच्या अटी बदलल्यास करार कायद्याच्या कलम 133 प्रमाणे पुढील व्यवहारांपुरती त्याची सुटका होते. त्याने कर्ज फेडल्यास कलम 140 प्रमाणे धनकोचे अधिकार त्याच्याकडे येतात, आणि कलम 145 प्रमाणे दिलेली रक्कम ऋणकोकडून मागता येते. मात्र हा हक्क बजावायचा कोणाविरुद्ध, तर ज्याला हप्ते झेपले नाहीत त्याच्याचविरुद्ध. म्हणून भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती आपल्या नावाने घेऊन ठेवावी. खरी सवलत कलम 128 मधील ‘अन्यथा ठरलेले नसेल तर’ या शब्दांत आहे. हमी अमुक रकमेपुरतीच, असे करारात लिहून घेता येते. धनको ते सहजी मान्य करणार नाही, तरीही सहीपूर्वी ही मागणी करावी आणि संपूर्ण कराराची प्रत घरी आणून वाचावी. दोन जामीनदार असल्यास परस्परांत वाटणी कशी होते, ते पुढील लेखांकात पाहू.