दिल्लीची हवा आणि गिटारचे लाकूड

नवी दिल्ली : २०२४ च्या २९ मे रोजी राजधानीतील सफदरजंग वेधशाळेत ४६.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्यानंतर बरोबर तीस दिवसांनी, २८ जूनच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, तेथेच २२८.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. जूनमधील एका दिवसात इतका पाऊस १९३६ नंतर प्रथमच झाला होता. नागरिकांनी या काळात पंखे, कूलर आणि छत्र्या यांचा आधार घेतला. घरोघरी भिंतीला टांगलेल्या गिटारींना मात्र हे दोन्ही टोकांचे हवामान अंगावर घ्यावे लागले.

लाकूड कापून, वाळवून, त्यावर लकाकी चढवून झाल्यावरही ते हवेतील ओलावा शोषत आणि सोडत राहते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याचे आकारमान जवळजवळ बदलत नाही, आडव्या दिशेने मात्र ते चांगलेच आकसते वा फुगते. अकूस्टिक गिटारची दर्शनी फळी बहुधा स्प्रूस वृक्षाची आणि जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या आतील बाजूस आधारासाठी आडव्यातिरप्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. फळीला आकसायचे असते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत आणि अखेर ती तंतूंच्या रेषेत तडकते. त्यातच सुरात लावलेल्या पोलादी तारांचा एकत्रित ताण ७० किलोग्रॅमच्या आसपास असतो. गिटार निश्चल दिसते. तिच्या अंगावर हे ओझे रात्रंदिवस असते.

म्हणूनच नामवंत उत्पादक ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता राखण्याची शिफारस करतात. दिल्लीत मे महिन्यातील दुपारी बाहेरची आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि श्रावणातील पहाटे ती ९० टक्क्यांवर जाते. घरातील परिस्थिती आणखी वेगळी असते. पाण्याचा कूलर चालणाऱ्या खोलीत ऐन उन्हाळ्यातही हवा दमट राहते, तर वातानुकूलित खोलीत ती कोरडी होते. हिवाळ्यात बाहेर धुके असले तरी त्या थंड हवेत प्रत्यक्ष बाष्प थोडेच असते. हीटरने ती तापवली की खोली कोरडी पडते. त्यामुळे ऋतूवरून अंदाज बांधण्यापेक्षा काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक गिटारच्या पेटीत ठेवणे शहाणपणाचे. तो विश्वासार्ह आहे का, हेही घरी पाहता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन काही थेंब पाण्याने ते फक्त ओलसर करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ च्या जवळपास असला पाहिजे.

वाद्य स्वतःही बोलत असते. दांडीवरून हात फिरवताना पडद्यांची, म्हणजे फ्रेटची, टोके बोटांना टोचू लागली, तर दांडीचे लाकूड आकसले आहे, धातू तेवढाच राहिला आहे. दर्शनी फळी ध्वनिछिद्राजवळ खोलगट दिसणे, तारा पडद्यांना लागून खरखरणे, ही पुढची लक्षणे. याउलट पावसाळ्यात ब्रिजमागची फळी पोटासारखी फुगते, तारा उंच जातात, बोटे दुखतात आणि आवाज बसल्यासारखा वाटतो. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते की आपलाच हात चालत नाही. अनेक मुले याच टप्प्यावर गिटार सोडून देतात, असे मानायला जागा आहे.

उपाय खर्चिक नाहीत. कोरड्या दिवसांत साबणाच्या डबीला भोके पाडून त्यात घट्ट पिळलेला ओला स्पंज ठेवावा आणि ती डबी पेटीत, लाकडाला पाणी लागणार नाही अशा बेताने, ठेवावी. पावसाळ्यात त्या जागी सिलिका जेलच्या पुड्या येतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तानपुऱ्यांना गवसणी घालण्याची सवय मराठी घरांना जुनीच आहे. गिटार मात्र शोभेसाठी भिंतीवर उघडी राहते, तीही अनेकदा एसीच्या झोतासमोर. ती पेटीत ठेवली तरी निम्मे काम होते.

येथे एक भेद सांगायला हवा. स्वस्त गिटारी बहुधा प्लायवूडच्या असतात. प्लायमधील थरांचे तंतू एकमेकांना आडवे असल्याने ते सहसा तडकत नाही. अशा वाद्यासाठी महागडी उपकरणे घेण्याचे कारण नाही. सलग लाकडाच्या, कष्टाच्या पैशांतून घेतलेल्या वाद्याची गोष्ट वेगळी. त्याला तडा गेलाच, तर घरी झटपट गोंद ओतू नये. कारागीर आधी वाद्याला हळूहळू ओलावा देतो, फट मिटू लागली की ती चिकटवतो आणि आतून लाकडाचे लहान तुकडे आडवे बसवतो. फटीत आधीच वाळलेला गोंद हे काम कठीण करून ठेवतो.

बंद मोटार हा सर्वांत वाईट साथीदार. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतील उष्णतेने सांध्यांचा गोंद मऊ होतो आणि तारांचा ताण ब्रिज उखडू शकतो.

वाजवून झाल्यावर तारा सुती कापडाने पुसाव्यात. घामाने त्या गंजतात आणि निस्तेज वाजतात. शिसवी पडद्यापट्टीला वर्षातून एकदोनदा तिच्यासाठीच मिळणाऱ्या तेलाचे दोनचार थेंब पुरेत. खोबरेल वा मोहरीचे तेल नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होते. दांडीतील लोखंडी सळई पिळून बाक दुरुस्त करण्याचा मोहही नवख्याने टाळावा. बाक किती आहे, एवढे पाहता येते : तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथे खोक्याला मिळते तेथे दाबावी, मध्यावर, सातव्या पडद्याजवळ, तारेखाली साधारण पातळ व्हिजिटिंग कार्डाइतकी फट असावी. फट फारच वाढली किंवा नाहीशी झाली, तर वाद्य कारागिराकडे न्यावे.

जानेवारीच्या रात्री नोएडा वा गुरुग्रामहून कार्यक्रम आटोपून गारठलेली गिटार तापवलेल्या खोलीत आणली, तर पेटी लगेच उघडू नये. अर्धा-पाऊण तास ती तशीच बंद राहू द्यावी.