परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी नको, कागदांची सेवा काढा: रे रोडला बसून करता येईल असा व्यवसाय



परदेशी शिक्षणाच्या क्षेत्रात कमी भांडवलात काय करता येईल, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. विचारताना डोळ्यासमोर चित्र एकच असतं: एसी ऑफिस, भिंतीवर देशोदेशीचे झेंडे आणि परदेशी विद्यापीठाकडून येणारं कमिशन. माझं मत विचाराल तर हे चित्र बाजूला ठेवा. तिथे मोठे खेळाडू आधीच ठाण मांडून आहेत. शिवाय कमिशन ठरावीक कॉलेजंच देतात, मग सल्ला मुलाच्या सोयीचा द्यायचा की आपल्या, ही ओढाताण पहिल्या दिवसापासून सुरू.

त्याऐवजी त्याच मुलाला लागणारी दुसरी गोष्ट विका. कागद! म्हणजे कागदपत्रांची फाइल बिनचूक लावून देण्याची सेवा. पैसे फक्त कुटुंबाकडून घ्यायचे, फाइलमागे, पावती देऊन.

आता रे रोड का? रे रोड म्हटलं की लोकांना दारुखान्याचं लोखंड आणि बंदराची गोदामं आठवतात, शिक्षण कुणाला आठवत नाही. पण हार्बर लाइनचा नकाशा बघा. एका टोकाला सीएसएमटी, तिथून मंत्रालय जवळ. दुसऱ्या बाजूला थेट वाशी, जिथे राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय आहे. मध्ये कुर्ला, तिथून मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल आणि बीकेसी दोन्ही हाकेच्या अंतरावर. कागद फिरवणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं स्टेशन शोधून सापडणार नाही. आणि माझगाव, भायखळा, लालबाग, शिवडी इथली मुलं बाहेर जातात, पण आईवडील नोकरी किंवा दुकान सोडून रांगेत उभे राहू शकत नाहीत. तुमचं गिऱ्हाईक तेच.

या कामातली सगळ्यात मोठी डोकेदुखी कोणती, माहितीये? नाव. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि बाकीचं नाव वेगळं. समजा मुलीचं नाव पूजा संजय शिंदे. गुणपत्रिकेत ‘शिंदे पूजा संजय’, पासपोर्टवर वडिलांचं नावच नाही, आधारवर पूजामध्ये दोन ‘ओ’ आणि पदवीवर एक ‘यू’. आपल्याला कळतं की मुलगी एकच. परदेशातल्या अधिकाऱ्याला कसं कळणार? त्यात फी भरणारी आई असेल आणि तिचं बँक खातं माहेरच्या नावावर, पॅन सासरच्या नावावर असेल, तर झालाच गुंता.

म्हणून फाइल हातात आली की पहिलं काम एकच. एका कागदावर तक्ता आखायचा. डावीकडे प्रत्येक कागद, उजवीकडे त्यावरचं नाव आणि जन्मतारीख, जशीच्या तशी. फरक कुठे आहे ते लाल पेनने. मग ठरवायचं की प्रतिज्ञापत्रावर भागेल, मूळ कागदच दुरुस्त करून घ्यावा लागेल, की राजपत्रात नाव प्रसिद्ध करावं लागेल. राजपत्राचं काम शासकीय मुद्रणालयाच्या संचालनालयाकडे, चर्नी रोडला. यात आठवडे जातात, त्यामुळे हा तक्ता प्रवेशाचं पत्र येण्याआधी व्हायला हवा. बहुतेक घरांत तो व्हिसाच्या आदल्या महिन्यात होतो आणि तेव्हा सगळ्यांचा रक्तदाब वाढलेला असतो.

दुसरं काम भाषांतराचं, आणि इथे मराठी येणाऱ्या माणसाची खरी किंमत आहे. ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला, लग्नाचा दाखला, कर्जासाठी लागणारा इंडेक्स टू, सातबारा... हे सगळं मराठीत. ब्रिटनच्या व्हिसासाठी भाषांतर चालतं, पण त्यावर भाषांतरकाराने ‘हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे’ असं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा लागतो. एवढं नसेल तर भाषांतर कितीही सुंदर असो, उपयोग शून्य.

तिसरं, विद्यापीठाचे कागद. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सर्व सेमिस्टरच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला अधिकृत उतारा. काही ठिकाणी तो मुलाच्या हातून चालत नाही, विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद पाकिटातच जावा लागतो. पाकीट उघडलं की काम पुन्हा पहिल्यापासून. कॉलेज स्वायत्त असेल तर कलिन्याला जाण्याआधी कॉलेजात विचारा. अपोस्टिलचंही तसंच. भारत २००५ साली या आंतरराष्ट्रीय करारात आला. पदवी प्रमाणपत्राची आधी राज्य पातळीवर खातरजमा होते, मग परराष्ट्र मंत्रालय मागच्या बाजूला स्टिकर लावतं. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये. बाकी जे लागतं ते सेवेचं आणि धावपळीचं. पण प्रत्येक देश अपोस्टिल मागत नाही! न मागणाऱ्यालाही ते विकणारे लोक आहेत, तुम्ही त्यातले होऊ नका. आणि हो, आईवडिलांना आधीच सांगा की प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शिक्का मारायला जागाच उरत नाही.

देशागणिक नियम वेगळे, ते वहीत लिहून ठेवा आणि दर महिन्याला सरकारी वेबसाइटवर तपासा. जर्मनीसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी एपीएस प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनला ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते. मधे एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज अडतो.

शिष्यवृत्तीच्या फाइलीही याच कामात येतात. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातात. अनुसूचित जातीच्या कुटुंबांतल्या कितीतरी हुशार मुलांचं घोडं जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यापाशी अडतं. अटी नीट वाचून सांगणं हीसुद्धा सेवाच. १९१३ साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही परतल्यावर १० वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होताच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्याच महिन्यात कुणीतरी येऊन हळूच विचारेल, ‘साहेब, खात्यात बॅलन्स दाखवून द्याल का? दोन पैसे जास्त घ्या.’ किंवा ‘अनुभवाचं एक पत्र बनवून द्या.’ इथे तुमचा धंदा टिकणार की बुडणार ते ठरतं. खोटा कागद सापडला तर कॅनडा ५ वर्षांची बंदी घालतो, ब्रिटनमध्ये ती १० वर्षांपर्यंत जाते. २०२३ मध्ये जालंधरच्या एका एजंटचं प्रकरण गाजलं, आठवत असेल. प्रवेशाची पत्रंच बनावट होती. मुलं तिथे शिकली, काही नोकरीलाही लागली, आणि मग देश सोडण्याच्या नोटिसा आल्या. शेत विकून, सोनं मोडून भरलेली फी! त्यानंतर कॅनडाने प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घ्यायला सुरुवात केली.

आणखी एक सीमारेषा पाळा. कॅनडाच्या व्हिसाबद्दल पैसे घेऊन सल्ला द्यायला किंवा अर्जात प्रतिनिधी व्हायला तिथला परवाना लागतो. तुम्ही कागद लावता, व्हिसाचा सल्ला देत नाही. हे पावतीवर छापून घ्या.

पैशाचं गणित करू. समजा फाइलमागे ५,००० रुपये, सरकारी फी आणि कुरिअर पावतीप्रमाणे वेगळं. एखाद्या झेरॉक्सवाल्याकडे टेबल मांडलंत तर भाडं ८,००० धरा, अर्धवेळ मुलाला ९,०००, प्रिंट-नेट-प्रवास ३,०००. खर्च २०,०००, म्हणजे ४ फाइलींत वसूल. १० फाइली झाल्या तर हातात ३०,०००. पण सरासरीच्या भरवशावर राहू नका. सप्टेंबरच्या प्रवेशांमुळे गर्दी साधारण फेब्रुवारी ते जुलै असते, नंतर ओसरते. म्हणून ११ महिन्यांचा गाळा घेण्याची घाई नको. मंदीत भाषांतराची आणि नावदुरुस्तीची इतर कामं घ्या, ती वर्षभर असतात.

मूळ कागद रात्रभर स्वतःकडे ठेवायचे नाहीत, हा नियम करा. ठेवावेच लागले तर कुलूपबंद कपाट आणि दोन प्रतींची पोचपावती: काय घेतलं, कधी घेतलं, कधी परत दिलं, दोघांच्या सह्या. मुलाचे स्कॅन झेरॉक्सवाल्याच्या सामाईक कॉम्प्युटरवर राहू देऊ नका, काम झालं की पुसा. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे कुणाला पैसे देऊ नका.

सुरुवातीला नात्यातल्या, ओळखीतल्या तीन मुलांच्या फाइली अर्ध्या दरात करा आणि प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागले ते लिहून ठेवा. चौथ्या गिऱ्हाइकाला तारीख सांगताना हीच वही कामाला येईल. नावाच्या तक्त्याचा आणि पोचपावतीचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो.